व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) जुना रेडिओ दुरुस्त करताना कोणते भाग बदलावेत आणि कोणते तसेच ठेवावेत?

एखादा भाग निकामी झाल्यास त्याच्यासोबत आणखी काय जळेल, हे आधी पाहावे. त्या हिशेबाने मेणकागदाचे कंडेन्सर (विद्युतभार साठवणारे भाग) मोजत न बसता बदलावेत. ठाण्याच्या खाडीकाठच्या दमट हवेत साठ वर्षे काढलेल्या अशा कंडेन्सरमधून प्रवाह गळत नसेल, तर ते नवलच. त्यातही आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला (प्रवाहावर नियंत्रण ठेवणाऱ्या जाळीला) जोडलेला कपलिंग कंडेन्सर, म्हणजे ध्वनीचा संकेत पुढे नेणारा आणि डीसी अडवणारा कंडेन्सर, सर्वांत आधी बदलावा, कारण त्यातून थोडासा डीसी झिरपला तरी ग्रिडचे ऋण बायस (ठरलेले ऋण व्होल्टेज) ढळते, ईएल८४ सारखा व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर प्रवाह ओढतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो. त्या जागी तेवढ्याच मूल्याचा ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर कंडेन्सर चालतो; मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तो सहज मिळतो.

डीसीतील चढउतार कमी करणारे फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरही बदलावेत, मात्र रेक्टिफायर (एसीचा डीसी करणाऱ्या) व्हॉल्व्हलगतच्या कंडेन्सरचे मूल्य वाढवू नये, अन्यथा रेक्टिफायरवर ताण येतो. मेन्स आणि चॅसिस यांमधील कंडेन्सरच्या जागी वाय वर्गाचाच, म्हणजे निकामी झाला तरी धक्का बसू नये अशा बेताने बनवलेला, बसवावा.

कार्बन रेझिस्टर मोजावेत आणि मूल्य वीस टक्क्यांहून अधिक सरकले असेल तरच काढावेत. अभ्रकाच्या कंडेन्सरना सहसा हात लावू नये. व्हॉल्व्हचा विचार शेवटी करावा. पुष्कळ जण नेमके उलटे करतात आणि चांगले व्हॉल्व्ह फुकट घालवतात.

रेडिओ एसी-डीसी प्रकारचा (मेन्स ट्रान्सफॉर्मर नसलेला) असल्यास चॅसिसवर थेट २३० व्होल्ट असू शकतात, म्हणून रेडिओला मेन्सपासून अलग ठेवणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरविना काम करू नये.