आधी पीजीसीई की थेट नोकरीचा व्हिसा: कोरेगावच्या मॅडमना उत्तर

मॅडम, तुमचा प्रश्न रविवारी सकाळी वाचला. तेव्हापासून चार वेळा उत्तर लिहायला घेतलं आणि चारही वेळा ते घसरून माझ्याच गोष्टीवर गेलं. हेही जाणार, पण आता पुसत बसत नाही.

तुम्ही लिहिलंय: कोरेगावकडच्या अनुदानित शाळेत नऊ वर्षं गणित-विज्ञान, बी.एस्सी. बी.एड., मिस्टर साताऱ्याच्या एमआयडीसीत, मुलगा सात वर्षांचा. इंग्लंडला शिक्षिका म्हणून जायचंय. पुण्याचा एजंट म्हणतो, आधी स्टुडंट व्हिसावर वर्षाचं पीजीसीई, म्हणजे इथला पदवीनंतरचा शिक्षक-प्रशिक्षणाचा कोर्स, करा, पुढचं आपोआप होतं. तर ते करावं, की थेट नोकरीच्या व्हिसाच्या मागे लागावं?

थेट नोकरी. उत्तर एवढंच आहे. बाकीचं लिहितेय ते मी स्वतः एजंटच्या रस्त्याने आले म्हणून.

मी सप्टेंबर २०२१ मध्ये आले. त्या वेळी आपल्या बी.एड.वर इथलं क्यूटीएस, म्हणजे 'पात्र शिक्षक' हा शिक्का, थेट मिळत नव्हता. त्याच्याशिवाय बाहेरच्या शिक्षकाला चार वर्षं शिकवता येतं, पण अपात्र शिक्षकाच्या पगारावर, आणि त्या पगारावर व्हिसा काढून देणारी शाळा मला तरी भेटली नाही. म्हणून पीजीसीई. साडेसोळा हजार पौंड फी, त्यासाठी सासऱ्यांचं रहिमतपूरचं रान गहाण. जुलै २०२२ मध्ये कोर्स संपला. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंग्लंडने भारत धरून आणखी काही देशांच्या शिक्षकांना थेट क्यूटीएसचा अर्ज खुला केला. आपल्यासाठी गणित, विज्ञान आणि भाषा, वयोगट ११ ते १६. अर्जाची फी शून्य. माझ्यापेक्षा सात महिन्यांनी. ती बातमी मी स्टाफरूममध्ये वाचली आणि पुढचा तास कसा घेतला ते आठवत नाही.

तुमचे विषय नेमके त्यात बसतात. जो शिक्का फुकट मिळतो त्यासाठी रान कशाला अडकवायचं?

एजंट आणखी एक गोष्ट सांगत नाही. जानेवारी २०२४ पासून असल्या कोर्सच्या स्टुडंट व्हिसावर नवरा-मुलांना सोबत आणता येत नाही. पीएच.डी. किंवा संशोधनाची पदवी असेल तरच. म्हणजे मुलगा वर्षभर कोरेगावात. शिवाय पक्क्या वास्तव्यासाठी स्किल्ड वर्कर, म्हणजे नोकरीच्या, व्हिसावर जी पाच वर्षं मोजतात, त्यात विद्यार्थी म्हणून काढलेलं वर्ष धरत नाहीत. कोर्स संपल्यावर राहून काम करायला मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसाचा काळही नाही. त्या पाचाची दहा करायचा प्रस्ताव सरकारने मे २०२५ मध्ये मांडला, तेव्हा अर्ज करायच्या आठवड्यातला नियम बघा, माझ्या तोंडचा नको.

आता कबुली. माझ्या वेळेला ही बंदी नव्हती. मी दोघांना घेऊन येऊ शकत होते. परवानगी होती, पैसे नव्हते, असं मी सगळ्यांना सांगते. पैसे खरंच नव्हते. पण मला वाटलं होतं की एक वर्ष मोकळेपणाने अभ्यास होईल. हेही खरं, आणि हे घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. पोरगी तेव्हा दहा वर्षांची. सासूबाई वेणी घालून द्यायच्या आणि फोन तिच्या पाठीमागे धरायच्या, मला वेणी दिसावी म्हणून. चेहरा शेवटी.

कागदांचं बोलते, म्हणजे जरा राग निघेल. माझी बी.एस्सी. माहेरच्या नावाने, बी.एड. सासरच्या नावाने, गुणपत्रिकेत आडनाव आधी, पासपोर्टात शेवटी, आणि एका दाखल्यावर वडिलांच्या नावातला 'राव' गायब. इथल्या कारकुनाला ह्या चार वेगळ्या बायका वाटतात. राजपत्र, लग्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र हे सगळं आधीच एका फायलीत लावून ठेवा. अनुभवाच्या दाखल्यासाठी माझ्या शाळेने सहा आठवडे फिरवलं. का, तर 'बाई परत येणार नाहीत' हे क्लार्कने आधीच ओळखलं होतं. शेवटी मी पेढे घेऊन गेले. अकरा वर्षं त्या शाळेत घातलेली, त्यातली पहिली आठ विनाअनुदानित, पगाराच्या नावाने शिमगा, आणि शिकवलं याचा कागद मिळवायला मीच पेढे वाटतेय. तुम्ही अनुदानित आणि कायम आहात, तेव्हा राजीनामा खिशातच ठेवा, आधी विनावेतन रजेचं विचारा. क्षयरोगाची तपासणी व्हिसावाल्यांनी ठरवून दिलेल्या केंद्रातच लागते, आपल्या डॉक्टरांचा एक्स-रे चालत नाही. व्हिसाला इंग्रजीची जानेवारी २०२६ पासून बी-टू, म्हणजे बऱ्यापैकी वरची, पातळी लागते. तुमचं बी.एड. माझ्यासारखं मराठीतून झालं असेल तर माध्यमाच्या दाखल्यांवर वाद घालत बसू नका, परीक्षा देऊन मोकळ्या व्हा.

थेट रस्त्यात अवघड काय? शाळा मिळणं. बाहेरच्या माणसाला नोकरीवर आणायचा परवाना असलेली शाळा तुम्हाला सीओएस नावाचा नंबर देते, त्यावर व्हिसा. तो नंबर विकत मिळत नसतो, विकणारा लबाड. मुलाखत व्हिडिओवर होते, आणि वर्गात दंगा झाला तर काय कराल हे हमखास विचारतात. आपण 'मुलं दंगा करत नाहीत' असं खरं खरं सांगतो आणि नापास होतो. पैशाचं म्हणाल तर व्हिसाची फी वेगळी आणि आरोग्य अधिभार, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा वापरायचे पैसे, वेगळा. मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६. तिघांचे तीन वर्षांचे ८,५३८ पौंड, आणि हे व्हिसाआधी एकरकमी. आरोग्य खात्याच्या व्हिसावर येणाऱ्या नर्सला ते माफ आहेत, मास्तरणीला नाहीत. मिस्टरांना इथे काम करायची मुभा मिळते. कसलं काम ते व्हिसावर लिहिलेलं नसतं. माझे मिस्टर साताऱ्यात सुपरवायझर होते. इथे गोदामात रात्रपाळी करतात. ते काही बोलत नाहीत, म्हणून मीही काही लिहीत नाही.

मुलाच्या शाळेबद्दल तुम्ही एका ओळीत विचारलंत, 'ते काय, सरकारी शाळा फुकट असतात ना?' असतात.

आमची पोरगी ऑगस्ट २०२२ मध्ये आली. इथे वर्ग वयावर ठरतो, १ सप्टेंबरच्या हिशेबाने. आपली सहावी चालू होती, तिला थेट इयर सेव्हनला, म्हणजे इथल्या हायस्कूलच्या पहिल्या वर्गात, बसवलं. हायस्कूलसाठी अर्जाची तारीख आदल्या वर्षीची ३१ ऑक्टोबर, ती कधीच उलटलेली. मग जिथे जागा उरली ती शाळा, दोन बस बदलून. पहिल्याच आठवड्यात गणिताची चाचणी घेतली. साताऱ्यात ती सेमी इंग्रजीला, गणित इंग्रजीतूनच, त्यामुळे मी निर्धास्त. पेपरात एक गणित होतं: एका 'पनेट'मध्ये इतक्या स्ट्रॉबेरी, तर सहा पनेटमध्ये किती, त्यातल्या इतक्या खराब निघाल्या. पनेट म्हणजे स्ट्रॉबेरीची छोटी प्लास्टिकची डबी. हिने महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीचे वाफे बघितलेत, खोक्यांनी भरलेले टेम्पो बघितलेत, पण पनेट कुठून कळणार? तिला वाटलं वजनाचं काही माप असेल. तिने गणित सोडून दिलं. अशी आणखी चार-पाच. पाच सेटपैकी चौथ्या सेटमध्ये टाकली.

सेट म्हणजे हुशारीप्रमाणे केलेल्या तुकड्या. खालच्या सेटमधली मुलं पुढे जीसीएसईला, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या इथल्या बोर्डाच्या परीक्षेला, बहुधा फाउंडेशन पेपर देतात, आणि त्या पेपरात कितीही बरोबर लिहिलं तरी ग्रेड पाचच्या वर जात नाही. वरच्या पेपरात नऊपर्यंत. हे मला माहीत होतं. गणिताची शिक्षिका आहे मी! पण पोरगी चौथ्या सेटमध्ये आहे हे मला दीड वर्षाने कळलं, इयर एटच्या पालकसभेत, पाच मिनिटांच्या भेटीत. तिचे सर कौतुकाने म्हणाले, 'खूप शांत आहे, ह्या सेटमध्ये रमलीय.'

त्या दीड वर्षात मी काय करत होते? माझ्या शाळेत नवशिकी शिक्षिका म्हणून दोन वर्षांचं प्रशिक्षण. अकरा वर्षांचा अनुभव शून्य धरून पगाराची पहिली पायरी, वर्षाला २८,००० पौंड, आणि माझं पाठ-टाचण तपासायला सव्वीस वर्षांचा मेंटर. रात्री वह्या. आणि सप्टेंबरात इयर सेव्हनच्या मुलांचे सेट लावणं. त्यात एक सोमालियाहून आलेला पोरगा होता. शब्दांची सगळी गणितं कोरी, आकडेमोड चोख. त्याला मी पाचव्या सेटमध्ये लावला, कारण यादी त्या दुपारी द्यायची होती.

घरी पोरीला विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, 'तू दमून यायचीस.'

मग मी पत्रं लिहिली, भेटी घेतल्या, जुने पेपर मागवले. एका टर्मनंतर तिसरा सेट, आता इयर टेनमध्ये दुसरा. वरचा पेपर देईल. पण गणित तिला आवडत नाही. पाढे अजून मराठीत म्हणते, हळू, कुणी ऐकू नये असे. सोमालियाच्या पोराचं मी पुढच्या वर्षी बघायचं ठरवलं होतं, तोवर ते कुटुंब दुसऱ्या गावी गेलं.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. सवय होते. कुकर आणा, इथले आवाज करत नाहीत. पहिल्या हिवाळ्यात साडेतीनला अंधार पडायचा आणि मी खिडकीत उभी राहून उगाच अजिंक्यतारा कुठल्या बाजूला असेल ते ठरवायची. आग्नेय निघाली. एवढं पुरे.

तुमचा मुलगा सात वर्षांचा आहे, हे तुमच्याकडे असलेलं सगळ्यात मोठं भांडवल. थेट रस्त्याला शाळा मिळायला दीड-दोन वर्षं लागली तरी तो प्राथमिकमध्ये येईल, हायस्कूलचा अर्ज तुम्ही तारखेआधी भराल, आणि पनेट त्याला शब्द म्हणून आधी कळेल, गणित म्हणून नंतर. पीजीसीईच्या रस्त्याने त्यातलं एक वर्ष तुम्ही फोनवर घालवाल.

तेव्हा ह्या शनिवारी बी.एड. कॉलेजात जा. तुमचं प्रशिक्षण कुठल्या वयोगटासाठी होतं ते लेटरहेडवर लिहून घ्या. 'माध्यमिक' एवढं पुरत नाही, ११ ते १६ हे आकडे हवेत. सही-शिक्का स्पष्ट. आणि मला मुलाची जन्मतारीख कळवा. ऑगस्टचा असेल तर इथे वर्गात सगळ्यात लहान ठरेल, सप्टेंबरचा असेल तर सगळ्यात मोठा, त्यावर कुठल्या साली यायचं ते मांडून देते. पेढे नकोत.