सोसायटीत मानसिक आजार, दिव्यांग आणि त्यांना घरी सांभाळणाऱ्यांविषयी जागृती कशी करावी?

तुम्ही विचारलंय की नाशिकच्या सिडकोतल्या तुमच्या सोसायटीत 10 ऑक्टोबरला, मानसिक आरोग्य दिनी, रॅली काढावी की व्याख्यान ठेवावं, आणि घरी आजारी माणूस सांभाळणाऱ्या बायकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा का. सत्काराचं आधी सांगते: करू नका.

यावरून एका मंडळाशी माझं वाजलेलं आहे. त्यांचं म्हणणं, कौतुक केलं की बाईला हुरूप येतो. मी म्हणते, "किती करते हो सासूचं" असं माइकवरून सांगितलं की तिला "मी थकले" म्हणायची सोयच राहत नाही. त्यांनी पाच जणींची नावं काढली, आल्या दोघी. वेळ होती संध्याकाळी साडेसहाची. डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंश झालेलं, माणूस बऱ्याचदा दिवस मावळतानाच सैरभैर होतं, "मला घरी जायचंय" म्हणत दाराकडे धावतं. त्याच वेळी स्वयंपाक, गोळ्या, लंगोट बदलणं. गोदाकाठी वसंत व्याख्यानमाला दर मे महिन्यात भरते, पण पंचवटीतच राहून तिथे कधी न पोचणारी घरं कितीतरी आहेत. तेव्हा वेळ ठेवा सकाळी 11 ते 1, आंघोळ-नाश्ता उरकल्यावर. आणि त्या दोन तासांना घरात बदली माणूस द्या, म्हणजे तिच्या जागी आजारी माणसाजवळ बसणारं कुणीतरी. बदली माणूस नसेल तर जिच्यासाठी कार्यक्रम, ती येणारच नाही.

बदली माणूस एका दिवसात तयार होत नाही. एका घराला दोघं ठरवा, निदान तीन फेऱ्या आधी करा. पहिल्या खेपेला घरची बाई शेजारच्या खोलीत, अर्धा तास. दुसऱ्यांदा ती खाली पार्किंगपर्यंत. तिसऱ्यांदा बाहेर. भिंतीवर एक कागद लावायचा: गोळ्यांच्या वेळा, डॉक्टरांचा आणि दोन नातेवाइकांचा नंबर, लघवीला जायचं असेल तर आजोबा कोणता शब्द वापरतात किंवा कशी खूण करतात, कशाने चिडतात. गोळ्या आणि इन्सुलिन बदली माणसाने द्यायचं नाही, कॅथेटरला, म्हणजे लघवीच्या नळीला, हात लावायचा नाही.

चुका ठरलेल्या जागी होतात. अर्धांगवायूच्या माणसाला लुळ्या हाताला धरून उठवतात आणि खांदा निखळतो. उठवताना आधार कमरेला द्यायचा. आडवं ठेवून चहा पाजतात आणि ठसका लागतो. ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, गिळल्याशिवाय दुसरा नाही, आणि नंतर अर्धा तास बसलेलंच ठेवायचं. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलायची, माकडहाड आणि टाचा बघायच्या. तिथला लालपणा बोटाने दाबूनही फिका पडत नसेल तर जखम सुरू झाली समजा. आणि लिथियम हे मानसिक आजारावरचं औषध चालू असलेल्याला उलट्या-जुलाब झाले तर ते रक्तात साचतं. हात जास्त थरथरायला लागले, तोल गेला तर लगेच डॉक्टरांना फोन.

व्याख्यान हवंच असेल तर वीस मिनिटं. उरलेल्या वेळात एका टेबलावर यूडीआयडीचे, म्हणजे दिव्यांगांच्या दाखल्याचे आणि ओळखपत्राचे, फॉर्म भरून द्या: आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, जुने उपचारांचे कागद. मानसिक आजारही 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत येतो, हे अनेक घरांना ठाऊकच नसतं. मानसिक आजाराच्या दाखल्यासाठी तपासणीत चार गोष्टी बघतात: स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं, कामधंदा. शिवाय आजार किती वर्षांचा आहे. प्रत्येकाला गुण असतात, अडचण जितकी जास्त तितके गुण जास्त, आणि एकूण 7 गुणांपासून 40 टक्के अपंगत्व धरतात. घात होतो तो इथे. लाजेपोटी घरचे मुलाची दाढी करून, इस्त्रीचे कपडे घालून नेतात आणि "सगळं स्वतःचं स्वतः करतो" म्हणतात. गुण घसरतात, दाखला हुकतो. आंघोळीला किती वेळा सांगावं लागतं, शेवटचा पगार कधी आणला, हे खरंखरं लिहून न्यायला सांगा.

तुमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनाही एक वाचून दाखवा. त्याच कायद्याच्या कलम 24 मध्ये, जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहू भत्त्याची तरतूद आहे. म्हणजे या कामाला मोल आहे हे कायद्यानेही मानलंय. देवी म्हणून पूजा करून ते चुकतं होत नाही.

रॅलीला माझा विरोध नाही, पण तिच्यात "वेडा" हा शब्द बंद करा असं ओरडणारी मुलं घरी जाऊन तोच शब्द वापरतात. मुलांना आजारांची नावं शिकवा आणि 14416 पाठ करून घ्या. हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं.

आधी सांगायला हवं होतं ते आता सांगते. कुणी जीव द्यायची भाषा करत असेल किंवा हाणामारीवर आला असेल, तिथे बदली माणूस पाठवू नका. ते काम डॉक्टरांचं आहे, आणि जीवावर बेतलं तर 112. आणि ज्यांना घरातला आजार शेजाऱ्यांना कळायलाच नको असेल, त्यांच्या दारी तिसऱ्यांदा जाऊ नका.

शालींचे पैसे उरतील ते गेटच्या पायरीला चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायला लावा. प्रमाण 1 ला 12, म्हणजे 15 सेंटिमीटरच्या पायरीला 1 मीटर 80 सेंटिमीटर लांब उतार. बहुतेक ठिकाणी सिमेंटच्या चार पाट्या ओतून हातभर उतार करतात, आणि चाकाची खुर्ची चढवताना मागे उलटते.