सेंट्रिपेटल फोर्स डोक्यात बसत नसेल तर आधी हे कर

अरे, पहिली गोष्ट म्हणजे फ्री बॉडी डायग्राममध्ये (वस्तूवर लागणारे सगळे फोर्स बाणांनी दाखवणारी आकृती) सेंट्रिपेटल फोर्सचा, म्हणजे वस्तूला वर्तुळात फिरवणाऱ्या केंद्राकडच्या फोर्सचा, वेगळा बाण काढूच नकोस, अकरावीची बहुतेक मुलं तिथेच अडकतात. तो काही नवीन फोर्स नाही, घर्षण, दोरीचा ताण, नॉर्मल (पृष्ठभागाचा काटकोनात लागणारा रेटा), जे काही वस्तूवर खरोखर लागतंय त्यांची केंद्राकडची बेरीज काढायची आणि ती एम व्ही स्क्वेअर भागिले आर (एम वस्तुमान, व्ही वेग, आर त्रिज्या) एवढी ठेवायची, बस.

आता चोर्ला घाटातलं वळण घे. समज त्रिज्या 20 मीटर, रस्ता सपाट धर, स्कूटर ताशी 36 किमी म्हणजे सेकंदाला 10 मीटर, तर केंद्राकडे 5 मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण लागणार आणि ते देणार फक्त टायरचं घर्षण. पावसात म्यू (घर्षणाचा गुणांक) 0.4 धरलास तर म्यू गुणिले जी (गुरुत्व त्वरण, सुमारे 10) म्हणजे मिळतात जेमतेम 4, म्हणजे स्कूटर घसरणारच. वेग दुप्पट केलास की गरज चौपट, हे वर्गाचं गणित नीट मुरव.

आणि बसमध्ये आपण बाहेर फेकले जातो म्हणतात ना, ते रस्त्यावर उभं राहून बघ, तुझं शरीर सरळच जायला बघतं, वळते ती बस. व्हर्टिकल सर्कलची (उभ्या वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूची) गणितं यानंतरच घे.