शाळेत सांगितलं तर त्रास वाढेल का?

"मॅडम, शाळेत सांगू की नको? सांगितलं आणि त्या मुलांनी याला आणखीच धरलं तर?"

शाळेतल्या दादागिरीबद्दल माझ्याकडे येणारे बहुतेक पालक पहिल्या भेटीतच हे विचारतात. त्यांची भीती अगदीच खोटी नाही. शाळेने प्रकरण घाईघाईत मिटवलं तर त्रास खरोखर वाढू शकतो. तरी माझं उत्तर ठाम असतं: सांगायचंच. पण कसं सांगायचं आणि शाळेकडून काय मागायचं, हे आधी ठरवायचं. सातवीतल्या एका मुलाचा अनुभव त्यासाठी लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

आई त्याला घेऊन आली ती वेगळ्याच तक्रारीसाठी. लघवीला जळजळ व्हायची. डॉक्टरांनी औषध दिलं, भरपूर पाणी प्यायला सांगितलं. पण पाण्याची बाटली शाळेतून रोज भरलेलीच परत यायची. आई रागावून झाली, बाबांनी समजावून झालं, नवी बाटली आणून झाली, तरी तेच. घरी आला की दप्तर दारातच टाकून तो आधी बाथरूम गाठायचा. डॉक्टरांना शंका आली आणि त्यांनी माझ्याकडे पाठवलं.

"तुला कोणी त्रास देतं का?" असं मी एकदम विचारत नाही. या वयाची मुलं "नाही" म्हणून मोकळी होतात. मी त्याला शाळेचा नकाशा काढायला सांगितला. जिथे बरं वाटतं तिथे हिरवा रंग, जिथे जावंसं वाटत नाही तिथे लाल. ग्रंथालय हिरवं झालं, वर्गही बराचसा हिरवा. मुलांचं स्वच्छतागृह आणि त्याच्या बाजूचा जिना मात्र लाल.

"इथे कधी नको वाटतं?"

"मधल्या सुट्टीत."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तो आत गेला की तीन मुलं बाहेरून कडी लावायची, दारावर लाथा मारायची. बोलताना तो थोडा अडखळतो, त्याची नक्कल करायची. आजूबाजूची मुलं हसायची. घंटा झाली की कडी काढायची. त्याने त्यावर आपल्यापुरता उपाय शोधला होता: शाळेत पाणीच प्यायचं नाही.

"आणि तू गप्प बसलास?" आईच्या तोंडून निघून गेलं. तिच्या मनात कळवळा होता, पण मुलाला त्यात आरोपच ऐकू येतो. मूल सांगतं तेव्हा त्याला आधी हे ऐकू यायला हवं: सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही, आणि पुढे जे काही करू ते तुला सांगून करू. बाबांचं म्हणणं होतं, "एकदा उलटं ठेवून दे, परत वाटेला जाणार नाहीत." एकट्याने तिघांना मारायचं कसं? आणि मारलंच, तर शाळेच्या वहीत नाव याचंच लागतं.

शाळेत आम्ही गेलो तेव्हा मुख्याध्यापकांनी सद्भावनेनेच सुचवलं, "चौघांना बोलावतो, एकमेकांना सॉरी म्हणू दे, हात मिळवू दे." मी नको म्हटलं. दादागिरीच्या अभ्यासाचा पाया घालणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी तिच्या तीन खुणा सांगितल्या: ती मुद्दाम केलेली असते, पुन्हा पुन्हा होते आणि दोन बाजूंचं बळ सारखं नसतं. भांडण समोरासमोर बसवून मिटतं, दादागिरी तशी मिटत नाही. त्या खोलीत हा मुलगा त्या तिघांसमोर खरं बोलणारच नाही, आणि बाहेर पडल्यावर त्याला त्याची किंमत मोजावी लागेल.

मग आम्ही काय मागितलं? स्वच्छतागृहाची बाहेरची कडी काढून टाका. ती त्याच दिवशी निघाली. मधल्या सुट्टीत एक शिक्षक त्या जिन्यापाशी उभे राहतील. तिघांशी वर्गशिक्षिका वेगवेगळं बोलतील, चारचौघांत नाही. असं वागणं चालणार नाही आणि आमचं लक्ष आहे, हे स्पष्ट सांगतील. आणि दर आठवड्याला कोणीतरी एक मोठं माणूस याला एकट्याला भेटून विचारेल. कोण, हे त्यानेच ठरवलं: ग्रंथालयातल्या बाई.

सर्वांत महत्त्वाची मला हसणारी मुलं वाटत होती. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवलं की दादागिरीत जवळजवळ सगळ्या वर्गाची काही ना काही भूमिका असते: कोणी साथ देतं, कोणी हसून खतपाणी घालतं, कोणी लांब राहतं, कोणी बाजू घेतं. कॅनडात शाळेच्या मैदानांवर केलेल्या निरीक्षणात, बरोबरीची मुलं मध्ये पडली तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा प्रकार दहा सेकंदांच्या आत थांबला होता. म्हणून हसणाऱ्यांपैकी ज्या दोघांशी याचं पूर्वी बरं होतं, त्यांच्याशी बाई बोलल्या. हिरोगिरी करायची नाही. सुट्टीत त्याला सोबत न्यायचं आणि काही दिसलं तर येऊन सांगायचं, एवढंच.

काही आठवड्यांनी त्रासाने जागा बदलली. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच्या अडखळण्याची नक्कल करणारा आवाज आला. हे होतं, यात शाळेत सांगणं फसलं असं समजू नका. त्याने उत्तर दिलं नाही, आईने मेसेज जपून ठेवला, तारीख लिहिली आणि वर्गशिक्षिकेकडे दिली. तो आवाज पाठवणाऱ्या मुलाच्या घरी आईने फोन केला नाही, ते शाळेनेच केलं. पालकांनी पालकांना गाठलं की विषय मुलांचा राहत नाही. त्या मुलाशीही शाळेच्या समुपदेशकांनी बोलणं सुरू केलं, आणि मला ते तितकंच गरजेचं वाटतं.

शाळा टाळाटाळ करत असेल तर तोंडी बोलत बसू नका. तारखांसह अर्ज द्या, लेखी उत्तर मागा. आणि मूल "मी नसलो तर बरं" अशा अर्थाचं काही बोललं, तर शाळेच्या उत्तराची वाट बघायची नाही. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

शाळाच बदलू का, असं या आईनेही विचारलं होतं. मी म्हटलं, आधी त्याला विचारा. त्याला ग्रंथालय आणि दोन मित्र सोडायचे नव्हते, म्हणून तो तिथेच राहिला. एखाद्या मुलाला बदल हवा असेल तर जरूर करा, फक्त नव्या वर्गशिक्षकांना पहिल्या दिवसाआधी भेटून झालेलं सगळं सांगा.