वाचकांचे प्रश्न : सरकारविरोधी घोषणा सरकारच्याच तिकिटावर?

प्रश्न : काकांच्या जुन्या अल्बममध्ये एक तिकीट सापडलं. त्यावर डीडीआर लिहिलंय, एक चर्च आहे आणि 'वीर झिंट दास फोल्क' असे शब्द आहेत. अर्थ शोधला तर 'आम्हीच जनता आहोत', म्हणजे ही पूर्व जर्मनीच्या सरकारविरुद्धची घोषणा. मग त्याच देशाने ती तिकिटावर कशी छापली? बनावट तर नसेल ना?

उत्तर : असं तिकीट खरंच निघालं होतं, २८ फेब्रुवारी १९९० ला, पूर्व जर्मनीच्या (डीडीआर म्हणजे तोच देश) अधिकृत टपालखात्याकडूनच. तुमच्या हातातलं न बघता छातीठोक सांगणार नाही, पण इतक्या सहज मिळणाऱ्या तिकिटाची नक्कल करायला सहसा कोणी बसत नाही, त्यामुळे काळजी नको.

आता ते छापलं कसं, हा प्रश्न मला फार आवडला. ते चर्च म्हणजे लायपझिग शहरातलं निकोलाय चर्च. तिथे १९८२ पासून दर सोमवारी संध्याकाळी शांततेसाठी प्रार्थना व्हायची, आणि १९८९ च्या शरद ऋतूत लोक प्रार्थना संपली की घरी जायच्या ऐवजी रस्त्यावर उतरून चालायला लागले. ७ ऑक्टोबरला सरकारने देशाची चाळिशी थाटात साजरी केली आणि दोनच दिवसांनी, सोमवारी, लायपझिगमध्ये ७०,००० च्या आसपास लोक जमले. हे वाचताना एक लक्षात ठेवा, त्याच वर्षी जूनमध्ये बीजिंगमध्ये तिआनमेन चौकात गोळ्या चालल्या होत्या आणि पूर्व जर्मनीच्या संसदेने चीन सरकारची बाजू घेतली होती, म्हणजे आपल्यावरही रणगाडे येऊ शकतात हे माहीत असून ही माणसं घराबाहेर पडली होती. हत्यारबंद पोलीस तयार होते. संगीत संचालक कुर्ट माझुर आणि आणखी पाच जणांनी (त्यात सत्ताधारी पक्षाचे तीन स्थानिक पदाधिकारीही होते) हिंसा नको असं आवाहन केलं, ते शहरभर लाउडस्पीकरवर ऐकवलं गेलं, मोर्चा रिंग रोडवरून शहराच्या मध्यभागाला वळसा घालून गेला आणि एकही गोळी सुटली नाही.

चर्चचे पाद्री क्रिस्टियान फ्युरर पुढे सांगायचे की मेणबत्तीला दोन्ही हात लागतात, एका हाताने धरायची आणि दुसऱ्याने ज्योत सांभाळायची, मग दगड उचलायला हात उरतच नाही.

आणि घोषणा तीच का? तर तिथे पोलिसांचं नाव 'जनतेचे पोलीस', सैन्याचं 'जनतेचं सैन्य', संसद 'जनतेचं सभागृह', सगळीकडे फोल्क म्हणजे जनता. लोकांनी एवढंच म्हटलं की ती जनता आम्हीच. याला उत्तर काय देणार कोणी?

१८ ऑक्टोबरला देशाचे सर्वेसर्वा एरिख होनेकर यांना पद सोडावं लागलं, ९ नोव्हेंबरला बर्लिनची भिंत उघडली. फेब्रुवारी १९९० मध्ये सरकार हान्स मोद्रो यांचं होतं, ते जुन्याच पक्षातले, पण ५ फेब्रुवारीपासून मंत्रिमंडळात विरोधी गटांची माणसंही बसायला लागली होती आणि मोकळी निवडणूक १८ मार्चला ठरलेली. म्हणजे जुनं राज्य अजून उभं होतं, शाई, कागद, छापखाना सगळं त्याचंच, फक्त जुने मालक गेले होते, आणि त्या मधल्या काळात हे तिकीट निघालं. म्हणूनच भिंतीवर नंतर निघालेल्या सगळ्या देखण्या तिकिटांपेक्षा मला हे जास्त जवळचं वाटतं, कारण ती मागे वळून बघत काढलेली आहेत आणि हे निघालं तेव्हा पुढे काय होणार हे कोणालाच नक्की ठाऊक नव्हतं. मोर्च्यांमधली घोषणासुद्धा तोवर बदलत चालली होती, 'दास फोल्क' चं 'आइन फोल्क', म्हणजे 'आम्हीच जनता' चं 'आम्ही एकच जनता', दोन्ही जर्मनी एक करा. तिकिटावर मात्र पहिली घोषणा राहिली.

प्रश्न : त्याच तिकिटावर ३५+१५ का आहे?

उत्तर : पहिला आकडा टपालाचा, दुसरा देणगीचा. ५० फेनिग (फेनिग म्हणजे तिथले पैसे) मोजायचे, पाकिटावर ३५ फेनिगचंच टपाल धरणार.

प्रश्न : विकलं तर किती येतील?

उत्तर : फार नाही, खरं तेच सांगते. पूर्व जर्मनीत परदेशी संग्राहकांसाठी तिकिटांवर आधीच शिक्का मारून गठ्ठ्याने विकायचे, तेव्हा तुमच्या तिकिटावर कोपऱ्यात नीटनेटका शिक्का असेल आणि मागे डिंक तसाच असेल तर ते पत्रावर कधी लागलंच नाही असं समजा. खरी मजा पत्रावर लावून पोचलेल्या पाकिटाची, कारण १ जुलैला तिथे पश्चिमेचं चलन आलं आणि ३ ऑक्टोबर १९९० ला देशच राहिला नाही, म्हणजे वापरायला जेमतेम सात महिने मिळाले. असं पाकीट मिळालं तर तिकीट भिजवून काढू नका प्लीज, पाकीट अख्खंच ठेवा!

प्रश्न : शांततेने झालेल्या अशा क्रांत्यांची तिकिटं जमवायची आहेत, अजून काय शोधू?

उत्तर : चेकोस्लोव्हाकियाचं जानेवारी १९९० मधलं ५० हालेरचं (हालेर म्हणजे तिथले पैसे) तिकीट, सरकारविरोधी नाटककार वाच्लाव हावेल यांचं. जानेवारी १९८९ मध्ये त्यांना अटक झाली होती, डिसेंबरअखेर ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि लगेच तिकिटावर आले. मग बाल्टिक साखळी, २३ ऑगस्ट १९८९ ला एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनियाचे सुमारे २० लाख लोक सोव्हिएत सत्तेविरुद्ध ६०० किलोमीटरपेक्षा लांब हातात हात धरून उभे राहिले होते, त्याच्या दहाव्या वर्षी, १९९९ मध्ये, तिन्ही देशांनी मिळून तिकिटं काढली, तिन्ही घ्या, एकेकटं अपुरं वाटतं.

आणि पोलंडची सॉलिडॅरिटी ही कामगार संघटना विसरू नका. डिसेंबर १९८१ मध्ये मार्शल लॉ (लष्करी कायदा) आल्यावर संघटनेवर बंदी आली, तेव्हा कार्यकर्त्यांनी लपूनछपून स्वतःची 'तिकिटं' छापली, काही तर स्थानबद्धांच्या छावण्यांमध्ये हाताने कोरलेले ठसे वापरून केलेली आहेत. टपालखात्याच्या लेखी त्यांना काडीची किंमत नव्हती, ती विकून आलेला पैसा अटकेतल्यांच्या घरच्यांना आणि गुप्त छापखान्यांना जायचा. कॅटलॉगवाले यांना खरं तिकीट मानत नाहीत, अल्बममध्ये वेगळं पान करा, पण करा नक्की.