माझ्या ८ वर्षांच्या मुलाला ऑटोइम्यून एन्सेफलायटिस असल्याचं सांगितलंय. नेहमीचे बालरोगतज्ज्ञ पुरेसे आहेत की वेगळे तज्ज्ञ शोधावेत? आणि शाळा कधी सुरू करावी?

पुरेसे नाहीत. लहान मुलांचा मेंदूविकारतज्ज्ञ शोधा, म्हणजे पीडियाट्रिक न्यूरोलॉजिस्ट. त्यातही असा, ज्याने हा आजार, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर उलटते तो, स्वतः हाताळलाय. 'आतापर्यंत अशी किती मुलं पाहिलीत?' हे तोंडावर विचारा. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

आता मी हे एवढ्या ठासून का सांगतेय ते ऐका.

माझी मुलगी साडेआठ वर्षांची होती. आधी तिची झोप उडाली. सलग तीन रात्री टक्क जागी. मग एकच वाक्य दिवसभर. मग बाईंनी वही दाखवली, अक्षर पार बिघडलेलं. आठवड्याभरात उजव्या हाताला झटके, मग एक मोठी फिट, आणि त्यानंतर बोलणं कमी कमी होत बंद. तोंड मात्र सारखं हलत राहायचं, काहीतरी चघळतेय असं.

आमच्या घरात आजारपण म्हटलं की शेवटचा शब्द भाऊजींचा. माझे मोठे दीर, डॉक्टर, हाडांचे. माणूस लाखात एक, पण एकदा बोलले की बोलले. आधी म्हणाले, "अभ्यासाचं टेन्शन आहे." एमआरआय नॉर्मल आला तेव्हा, "बघ, मेंदू स्वच्छ आहे." रक्तातली अँटिबॉडी, म्हणजे प्रतिकारशक्तीने तयार केलेलं, इथे मेंदूवरच उलटणारं प्रथिन, तपासली, ती निगेटिव्ह आली, आणि विषय संपला. मुलीला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. शांत करायला जे औषध दिलं त्याने अंग लाकडासारखं ताठ झालं, ताप चढला. या आजारातल्या मुलांना तसल्या औषधांचा असा त्रास होऊ शकतो, हे मला फार उशिरा कळलं. पण त्या मानसोपचारतज्ज्ञांना मी दोष देत नाही. "हे माझ्याकडचं दुखणं नाही, न्यूरोला दाखवा" असं पहिल्यांदा म्हणाले ते तेच. बाकी कुणी नाही.

न्यूरोच्या मॅडम आल्या त्या वीस मिनिटं खाटेशेजारी नुसत्या उभ्या राहून बघत होत्या. मग मला विचारलं, "आधी काय झालं, मग काय झालं, तारखा सांगा." मी आठवून आठवून सांगितल्या, त्यांनी लिहून घेतल्या. क्रम ऐकूनच त्यांना अंदाज आला होता. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, लगेच काढला. तो बिघडलेला होता. या आजारात एमआरआय बहुतेकांचा नॉर्मल येतो, ईईजी मात्र क्वचितच. म्हणाल्या, पाठीतलं पाणी काढून तपासायला हवं.

झालं. सासूबाई रडायला लागल्या, पोरगी अधू होईल म्हणून. भाऊजी फोनवर, "रक्त निगेटिव्ह आलंय ना? मग कशाला टोचायचं?" माझे मिस्टर दोघांच्या मध्ये उभे, गप्प. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीने सही केली आणि मग घरी फोन केला.

पाण्यात अँटिबॉडी सापडली. अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस, म्हणजे मेंदूच्या पेशींवरच्या एनएमडीए नावाच्या ग्राहकांवर अँटिबॉडी उलटतात तो प्रकार. रक्तात निगेटिव्ह आणि पाण्यात पॉझिटिव्ह, असं दर सात रुग्णांमागे एकाच्या बाबतीत होतं. म्हणून रक्ताच्या एका कागदावर हा आजार नाही असं कुणी सांगत असेल तर मानू नका. आणि मॅडमनी तो रिपोर्ट येण्याची वाटसुद्धा पाहिली नव्हती. आधी हर्पीससारखा संसर्ग नाही ना याची खात्री केली आणि लगेच स्टेरॉइड सुरू केलं. लक्षणं, ईईजी आणि पाण्याची साधी तपासणी यांवरून दाट संशय असेल तर अँटिबॉडीच्या रिपोर्टसाठी थांबायचं नसतं. २०१६ साली तज्ज्ञांनी तसे निकष छापलेत, २०२० मध्ये मुलांसाठी वेगळे.

भाऊजींची पदवी १९९४ ची. हा आजार डालमाउ नावाचे मेंदूविकारतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे मांडला तो २००७ साली. म्हणजे भाऊजी शिकत होते तेव्हा तो त्यांच्या पुस्तकात असणं शक्यच नव्हतं. माहीत नसणं हा गुन्हा नाही हो. पण 'मला माहीत नाही' हे तीन शब्द त्यांच्या तोंडून निघाले असते, तर माझ्या लेकीचे ते दोन दिवस वाचले असते.

पुढचं थोडक्यात. पाच दिवस शिरेतून स्टेरॉइड, मग आयव्हीआयजी, म्हणजे दात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी शिरेतून. पोटाची सोनोग्राफीही झाली, कारण मुलींमध्ये कधीकधी बीजकोशातली गाठ यामागे असते. एवढ्या लहान वयात ती क्वचित असते, आमच्याकडे नव्हती. तीन आठवडे फरक दिसेना. मॅडम रिटुक्सिमॅब म्हणाल्या. पुन्हा भाऊजी: "ते कॅन्सरचं औषध आहे." आहेच. पण कॅन्सरचंच आहे असं नाही, अँटिबॉडी तयार करणाऱ्या पेशींच्या कुळावर ते चालतं म्हणून इथे देतात. तोवर मी वाचायला शिकले होते. २०१३ साली ५७७ रुग्णांचा अभ्यास आला, त्यात मुलंही पुष्कळ होती. पहिल्या उपचारांनी महिन्याभरात साधारण निम्म्यांनाच फरक पडला. उरलेल्यांपैकी ज्यांना दुसऱ्या फळीची औषधं मिळाली ते न मिळालेल्यांपेक्षा बरे निघाले. दोन वर्षांनी ८१ टक्के लोक स्वतःचं स्वतः करण्याइतके सुधारले होते. मी ते भाऊजींना पाठवलं. निळ्या टिका दिसल्या. उत्तर आलं नाही.

बालरोगतज्ज्ञ की न्यूरोलॉजिस्ट, या तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. पहिलं औषध कुणीही सुरू करेल. ते लागू पडत नाहीये हे कधी ठरवायचं, आणि त्यापुढचं धाडस कधी करायचं, हे ज्याने अशी मुलं पाहिलीत त्यालाच कळतं. बाकीचे वाट बघत बसतात.

घरी आणलं तेव्हा लोक म्हणाले, सुटलात. सुटलो कसले! या आजारात जे शेवटी गेलं ते बहुधा आधी परत येतं आणि जे आधी गेलं ते सगळ्यात शेवटी. चालणं आलं, बोलणं आलं. स्वभाव आणि लक्ष यायला दीड वर्ष लागलं. मधल्या काळात ती फटकन कुणालाही काहीही बोलायची, कपाट उघडून पाच मिनिटं तशीच उभी राहायची. फिजिओ, स्पीच थेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ, सगळे लागले, आणि सगळ्यांचं ऐकून शेवटी ठरवणाऱ्या मॅडम एकच. असा एक डॉक्टर असायलाच हवा, नाहीतर प्रत्येक जण आपापला कागद लिहून मोकळा होतो.

तर भाऊजी, तुम्ही हे वाचत असाल तर... जाऊ दे.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगते. मी डॉक्टर नाही. आणि तुम्ही नुसतं 'ऑटोइम्यून एन्सेफलायटिस' लिहिलंय, ते एका आजाराचं नाव नाही, कुळाचं आहे. तुमच्या मुलाची अँटिबॉडी मॉग (मज्जातंतूंच्या आवरणावर उलटणारी) निघाली तर औषधांचा हिशेब वेगळा. रासमुसेन (बहुधा मेंदूच्या एकाच बाजूला सूज येणारा प्रकार) असेल तर पार वेगळा, त्यात कधीकधी मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. त्याला आधी हर्पीसचा मेंदूज्वर होऊन गेला असेल आणि काही आठवड्यांनी पुन्हा बिघडला असेल, तर विषाणूच परतला असं धरून चालू नका, अँटिबॉडी तपासायला सांगा. २०१८ च्या एका अभ्यासात अशा ५१ रुग्णांपैकी १४ जणांना मागाहून ऑटोइम्यून आजार झाला होता.

आणि बालरोगतज्ज्ञांना सोडू नका. वजन, बीपी, साखर, बारीकसारीक संसर्ग, हे बघायला तेच लागतात. लसींचं वेळापत्रकही बदलतं: आयव्हीआयजीनंतर गोवराची लस काही महिने पुढे ढकलतात, रिटुक्सिमॅब चालू असताना जिवंत विषाणूंच्या लसी देत नाहीत. फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर मात्र तज्ज्ञ शोधत बसू नका, जे जवळ असेल ते हॉस्पिटल गाठा.

भाऊजींबद्दल एक कबूल करायला हवं. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना तिचा चेहरा सुजला. मी घाबरून गोळ्या एकदम बंद करणार होते. "एकदम थांबवलंस तर पोरगी कोसळेल, हळूहळू उतरवतात" म्हणून फोनवर ओरडले ते भाऊजीच. बरोबर होते.

शाळेचं राहिलंच. तारीख डॉक्टर सांगतील. आमच्याकडे रोज एक तासापासून सुरू केलं, आधी मानसशास्त्रज्ञांकडून चाचणी करून घेतली आणि तो कागद बाईंच्या हातात दिला, म्हणजे 'हट्टी झालीय' हे ऐकावं लागलं नाही. ती एक इयत्ता मागे राहिली. भाऊजी अजून त्याला वाया गेलेलं वर्ष म्हणतात. माझ्या हिशेबात दोन दिवस वाया गेले, वर्ष नाही.

कोणती अँटिबॉडी निघाली आणि पाठीतलं पाणी तपासलंय का, ते खाली लिहा.