फ्री ऑनलाइन कोर्स बहुतेक लोक अर्ध्यात सोडतात, मग त्यांचा खरंच उपयोग आहे का?

उपयोग आहे, आणि मी तीन कोर्स अर्ध्यात सोडून हे सांगतेय.

आकडा खरंच वाईट दिसतो. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने सर्किट्सचा पहिला मोफत ऑनलाइन कोर्स काढला तेव्हा दीड लाखाच्या वर लोकांनी नाव नोंदवलं आणि पास झाले ७,१५७, म्हणजे ५ टक्केसुद्धा नाही. आता यातले कित्येक नुसते बघायला आलेले असणार, त्यांचं सोडा, पण ज्यांना मनापासून शिकायचं होतं आणि तरी सुटलं त्यांचं मला वाईट वाटतं कारण मी त्यातलीच एक.

माझा पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचा कोर्स तिसऱ्या आठवड्यात सुटला. १ ते १० ची बेरीज करायची होती, उत्तर ५५ यायला हवं आणि माझं ४५ च येत होतं. दोन रात्री घालवल्या, तोच व्हिडिओ चार वेळा बघितला, फोरमवर विचारलं तर उत्तर यायला पाच दिवस लागले आणि तोवर असाइनमेंटची तारीख उलटून गेली होती. नंतर एका मैत्रिणीने स्क्रीन बघितली आणि म्हणाली अगं रेंज, म्हणजे कुठून कुठपर्यंत मोजायचं ते, त्यात शेवटचा आकडा धरत नाहीत, १० च्या जागी ११ लिही. झालं, एका मिनिटाचं काम! व्हिडिओ लाखो लोकांना एकदम दाखवता येतो हो, पण अडल्यावर शेजारी बसून बघणारं माणूस तसं वाटता येत नाही, खरी अडचण तिथेच आहे.

दुसरं म्हणजे फुकट आणि खुलं यात फरक आहे, तो लोक विसरतात. एमआयटीचंच ओपनकोर्सवेअर घ्या, म्हणजे त्यांच्या कोर्सचं साहित्य नेटवर मोफत ठेवायचं काम, २००१ ला जाहीर झालं, त्यातलं साहित्य क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली आहे, म्हणजे डाउनलोड करा, बदल करा, भाषांतर करून वाटा, फक्त मूळ नाव द्या, धंदा करू नका आणि पुढे त्याच लायसन्सने वाटा. उलट बऱ्याच प्लॅटफॉर्मवर व्हिडिओ फ्री पण असाइनमेंट तपासून हवी तर पैसे, आणि काही महिन्यांनी व्हिडिओ पण बंद. हार्वर्ड आणि एमआयटीने ना-नफा म्हणून काढलेलं एडएक्स हे ऑनलाइन कोर्सचं प्लॅटफॉर्मसुद्धा २०२१ मध्ये ८० कोटी डॉलरला एका कंपनीला विकलं गेलं. तयार करायला, सर्व्हर चालवायला खर्च येतो हे मान्यच आहे, पण शिकणाऱ्याने आपण कुठल्या प्रकारात आहोत ते आधी बघून घ्यावं.

तुम्ही सुरू करणार असाल तर एकच कोर्स घ्या आणि सोबत कुणालातरी ओढा. चौथा कोर्स मी त्याच मैत्रिणीबरोबर केला, दर रविवारी तासभर कॉलवर, स्क्रीन शेअर करून. तो पूर्ण झाला.